वर्गातलं वाचनालय : पुस्तक मुलाच्या हातात पोहोचतं कसं?

जिल्हा परिषदेच्या बऱ्याच प्राथमिक शाळांत मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे एक लोखंडी कपाट असतं. त्यात शंभर-दीडशे पुस्तकं सहज निघतात. त्याच शाळेतली मुलं सकाळी येताना एसटीच्या पाटीवरचं गाव, किराणा दुकानावरचा फलक, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे रंगवलेली ओळ, कुरकुऱ्यांच्या पाकिटावरची अक्षरं असं दिसेल ते मोठ्याने वाचत येतात. म्हणजे वाचायची हौस आहे आणि पुस्तकंही आहेत. तरी वर्ष संपतं आणि कपाटातली निम्मी पुस्तकं कोरी करकरीत राहतात. असं का होतं?

‘हल्लीची मुलं वाचतच नाहीत, सगळा वेळ मोबाइल’ हे उत्तर तोंडावर तयार असतं. पण ते खरं असतं तर पाट्याही कुणी वाचल्या नसत्या. मूल आणि पुस्तक यांच्यामध्ये काही अडथळे असतात आणि ते जवळपास सगळे मोठ्या माणसांनी उभे केलेले असतात. वर्गातलं वाचनालय उभं करायचं म्हणजे ते अडथळे एकेक करून काढायचे. त्याला फार पैसा लागत नाही. पुस्तकांची निवड, मांडणी आणि रोजची वीस मिनिटं यांचा विचार मात्र लागतो.

पहिला अडथळा : कुलूप

कपाटाला कुलूप का असतं, हे समजून घेतलं पाहिजे. शिक्षकांना पुस्तकांचं वावडं असतं म्हणून ते लावलेलं नसतं. पुस्तक जडवस्तू संग्रहाच्या नोंदवहीत चढलं की ते टेबल-खुर्चीसारखी शाळेची मालमत्ता होतं. बदली झाली की चार्ज देताना एकेक पुस्तक मोजून द्यावं लागतं. हरवलं तर भरपाई कुणी करायची, हा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी पुस्तक कपाटात ठेवणं शिक्षकाला सगळ्यात सुरक्षित वाटतं, आणि त्याला दोष देता येत नाही.

ही भीती जुनी आहे. युरोपातल्या मध्ययुगीन ग्रंथालयांत पुस्तकं साखळीने फळीला बांधलेली असत. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम पुस्तकं वापरासाठी असतात, हा आहे. नियम इतका साधा की तो सांगायची गरज काय, असं वाटावं. पण रंगनाथन यांनी त्या साखळ्यांची आठवण करून देत दाखवलं, की जपणुकीची सवय वापरावर कशी मात करते. त्यांनी वाचकाला थेट फळीपर्यंत जाऊ देण्याचा आग्रह धरला. शाळेचं कपाट ही त्या साखळीचीच आजची आवृत्ती आहे.

यावर उपाय कागदावरच करावा लागतो. वापरून खराब झालेल्या वस्तूंच्या निर्लेखनाची, म्हणजे त्या नोंदवहीतून कमी करण्याची, सोय सरकारी व्यवहारात असते. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वर्षाच्या सुरुवातीलाच हा विषय घ्यावा : मुलांच्या वापरात काही पुस्तकं फाटतील, एखाद-दुसरं हरवेल, हे समितीला मान्य आहे, अशी इतिवृत्तात नोंद करून घ्यावी. शिक्षकाच्या मानेवरचं ओझं उतरल्याशिवाय कुलूप उघडत नाही. वाचनालयावरच्या भाषणांत हा मुद्दा क्वचितच येतो, म्हणून तो इथे आधी घेतला.

पुस्तकाचा चेहरा

कुलूप निघालं तरी पुस्तकं फळीवर उभी रचलेली असतात. दिसतो तो फक्त कणा. सोळा किंवा चोवीस पानांच्या, पिना मारलेल्या बालपुस्तकाला तर कणाच नसतो. अशी तीस पुस्तकं शेजारी उभी केली की कागदांची एक थप्पी तेवढी दिसते. मोठा वाचक लेखकाचं नाव शोधत येतो, त्याला कणा पुरतो. सहा वर्षांचं मूल चित्र बघून पुस्तक निवडतं. आठवडी बाजारातली भाजीवाली टोमॅटोची लाल बाजू गिऱ्हाइकाकडे करून ढीग लावते, तसं पुस्तकाचं मुखपृष्ठ मुलाकडे केलेलं असलं पाहिजे.

यासाठी महागडे स्टँड लागत नाहीत. वर्गाच्या एका भिंतीवर दोन खिळ्यांमध्ये नायलॉनची दोरी ताणून बांधायची. पातळ पुस्तक मधोमध उघडून दोरीवर टांगलं की मुखपृष्ठ समोर येतं. सरकत असेल तर कपड्यांचा चिमटा लावायचा. अशा तीन दोऱ्या एकाखाली एक. मुलं जमिनीवर बसत असतील तर सगळ्यात खालची दोरी त्यांच्या गुडघ्याच्या उंचीला आणि वरची त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला हवी. शिक्षकाच्या डोळ्यांच्या पातळीला दोरी बांधली, की मुलं पुन्हा ‘सर, ते काढून द्या ना’ म्हणायला लागतात, आणि अर्धी मुलं म्हणतही नाहीत.

एक सवय मात्र मोडायला हवी. पुस्तक टिकावं म्हणून त्याला खाकी कव्हर घालतात आणि वर निळ्या शाईने दाखल क्रमांक लिहितात. हेतू चांगला असतो, पण एका रात्रीत पन्नास वेगवेगळी पुस्तकं एकसारखी दिसायला लागतात. कव्हर घालायचंच तर पारदर्शक प्लॅस्टिकचं घालावं. कोकणात पावसाळ्यात पिना गंजतात आणि पानं सुटतात. तिथे पिना काढून जाड दोऱ्याने मधली शिवण घालून घेतली की पुस्तक दोन-तीन वर्षं आरामात चालतं.

मराठी वाचायला कशामुळे जड जाते?

आता पुस्तक हातात आलं. दुसरीतली मुलगी ते उघडते, चित्रं बघते, पहिली ओळ लावते, दुसऱ्या ओळीत अडकते आणि पुस्तक परत दोरीला टांगते. इथे नेमकं काय घडतं, ते सावकाश बघू.

वाचनाचे अभ्यासक फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये एक साधी मांडणी केली. वाचून समजणं म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार : लिपी उलगडणं आणि ऐकलेली भाषा समजणं. बेरीज न म्हणता गुणाकार म्हटलं, यात सगळं आलं. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही भक्कम असो, उत्तर शून्य. घरी वारली किंवा पावरी बोलणारं मूल मराठी अक्षरं खडाखडा लावेल, पण शब्दच ओळखीचे नसतील तर हाती काही लागत नाही. उलट मराठी घरातल्या मुलाला गोष्ट ऐकून पूर्ण समजते, पण ते अक्षरांतच अडकतं.

त्यातली पहिली बाजू, लिपी उलगडणं, मराठीत सुरुवातीला जास्त वेळ घेते. इंग्रजीत मुळाक्षरं सव्वीस. आपल्याकडे चौतीस व्यंजनं आणि प्रत्येकाची बाराखडी धरली तर चारशेहून अधिक रूपं होतात, आणि जोडाक्षरं अजून पुढेच आहेत. एकटा ‘र’ बघा. ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर चढतो, ‘प्रकाश’मध्ये पायाशी तिरकी रेघ होतो, ‘ट्रक’मध्ये त्याची खालची खूण वेगळी, आणि ‘दुसऱ्या’मध्ये तो अर्धा होऊन भलताच दिसतो. मोठ्यांना हे चारही ‘र’ एकच वाटतात. मुलासाठी त्या चार नव्या ओळखी असतात. संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. भारतीय लिपींतली अक्षरं पक्की व्हायला इंग्रजी मुळाक्षरांच्या मानाने बराच जास्त काळ लागतो, हे त्यातून स्पष्ट झालं. म्हणजे दुसरीतलं, तिसरीतलं मूल अडखळतं, तेव्हा ते मागे पडलेलं असतंच असं नाही. लिपीच मोठी आहे.

दुसरी अडचण शब्दांच्या लांबीची. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘घर’ वाचणारं मूल ‘घरातल्यांसाठीसुद्धा’ या शब्दाशी येतं, तेव्हा त्याला एकेक अक्षर लावत शेवटपर्यंत जायचं असतं आणि तोवर सुरुवातीचं ‘घर’ डोक्यात धरून ठेवायचं असतं. शेवटच्या ‘द्धा’शी झटापट होईपर्यंत ‘घर’ निसटून जातं. इंग्रजीत हेच चार-पाच सुटे शब्द झाले असते आणि मध्ये श्वास घ्यायला जागा मिळाली असती.

म्हणून ‘एका पानावर किती शब्द’ या हिशेबाने मराठी पुस्तकाची पातळी ठरवणं फसवं आहे. दोन ओळींच्या पानावर एकच लांबलचक, जोडाक्षरांनी भरलेला शब्द असेल तर ते पान सहा ओळींच्या सोप्या पानापेक्षा जड. शिक्षकाने पुस्तक हातात घेऊन मधलं पान मोठ्याने, मुलासारखं अक्षर-अक्षर लावत वाचून बघावं. दम कुठे लागतो ते लगेच कळतं. मुलांसाठी याहून सोपी युक्ती आहे : मधलं पान वाचायचं आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं. पान संपायच्या आत मूठ वळली, तर ते पुस्तक कुणाकडून तरी ऐकायचं. तरी मुलाला चित्रांसाठी तेच हवं असेल तर देऊन टाकावं. अवघड पुस्तक काखेत घेऊन घरी जाणाऱ्या मुलाला अडवण्यात काहीच अर्थ नाही.

कपाटात असतं काय?

शाळांच्या कपाटांत थोर पुरुषांची चरित्रं, बोधकथा, सुविचारसंग्रह, व्याकरण आणि सामान्यज्ञानाची पुस्तकं भरपूर असतात. ‘श्यामची आई’च्या तीन-चार प्रती तर हमखास. हे उत्तम पुस्तक आहे, पण ते सातवी-आठवीच्या वाचकाचं किंवा आईने मांडीवर घेऊन वाचून दाखवायचं. पहिली-दुसरीच्या मुलासाठी त्या कपाटात बहुधा काहीच नसतं.

हिशेबही चुकतो. तीस मुलांच्या वर्गाला तीस पुस्तकं पुरतील असं वाटतं. पण सोळा पानांचं चित्रपुस्तक दहा मिनिटांत वाचून होतं. त्या वयाला जाड पुस्तकं थोडी असण्यापेक्षा पातळ पुस्तकं भरपूर असणं जास्त उपयोगाचं. समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तराप्रमाणे वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंतची तरतूद आहे. प्राथमिक शाळेचे पाच हजार धरले आणि पन्नास रुपयांच्या आसपासची पुस्तकं निवडली, तर शंभर पुस्तकं येतात. द्विशिक्षकी शाळेत एवढ्यावर एक खोली भरते.

निवडायला मराठीत आज पुष्कळ आहे. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने चित्रपुस्तकांची मोठी परंपरा उभी केली आहे. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ ही मालिका आणि यशच्या गोष्टी यांत घरातली माणसं, रुसवेफुगवे, शेजारपाजार येतो, उपदेश येत नाही. त्यांचं ‘चित्रवाचन’ तर भरगच्च चित्रांवर मुलांना बोलतं करण्यासाठीच आहे. त्यांना २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तकं स्वस्त आणि टिकाऊ असतात. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी मोफत उतरवून छापून घेता येतात. आणि ‘बालभारती’चं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंक रद्दीतही सापडतात. अंक सोडवून एकेक गोष्ट वेगळी काढायची, जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाचं मुखपृष्ठ लावून शिवायची. एका अंकातून पाच-सहा पातळ पुस्तकं तयार होतात.

चौकट : पहिली-दुसरीच्या वर्गासाठी पहिली शंभर पुस्तकं
*साधारण पंधरा पुस्तकं बिनशब्दांची किंवा पानाला दोन-तीन शब्दांची.*
*तीस-पस्तीस पुस्तकं पानाला एक-दोन ओळींची, ज्यांत तेच वाक्य पुन्हा पुन्हा येतं.*
*वीस-पंचवीस पुस्तकं जरा मोठ्या गोष्टींची. निम्मी शिक्षकांनी वाचून दाखवायची.*
*दहा-बारा माहितीची : किडे, यंत्रं, पक्षी, भाज्या, आपलं शरीर.*
*उरलेली कविता, कोडी, विनोद, आणि मुलांनी स्वतः तयार केलेली पुस्तकं.*
*वर्गातल्या सगळ्यांच्या आवडत्या दोन-तीन पुस्तकांच्या जास्तीच्या प्रती, म्हणजे दोघा-तिघांना एकदम वाचता येईल.*

तेच वाक्य पुन्हा का?

चौकटीत ‘तेच वाक्य पुन्हा पुन्हा’ असं म्हटलं, त्याचं कारण वरच्या गुणाकारात आहे. चिमणी-कावळ्याची गोष्ट आठवा. पावसात घर वाहून गेलेला कावळा दार वाजवतो आणि चिमणी दर वेळी नवीन कारण सांगून त्याला थांबवते. तिसऱ्यांदा दार वाजतं तेव्हा कावळा काय म्हणणार, हे मुलाला तोंडपाठ झालेलं असतं. छापलेल्या पुस्तकात तो संवाद आला, की मुलाला एकेक अक्षर उलगडावं लागत नाही. मनातला शब्द आणि कागदावरचा शब्द यांची जोडी लावायची असते. ‘दार’ आणि ‘उघड’ हे शब्द असे पाच-सहा वेळा भेटले, की पुढच्या पुस्तकात ते एका नजरेत ओळखू येतात. लेकीकडून भोपळ्यात बसून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट याच जातीची. आजीच्या तोंडच्या या गोष्टी पहिलीच्या वर्गात पुस्तकरूपाने हव्यातच.

शिक्षकांनी वाचून दाखवणं हेही यासाठीच महत्त्वाचं. धड्याचं आदर्श वाचन वेगळं आणि हे वेगळं. पुस्तक छातीशी धरून मुलांकडे तोंड करायचं, म्हणजे चित्रं त्यांना दिसतात. मुखपृष्ठ दाखवून ‘आत काय असेल?’ विचारायचं. मग वाचायचं, मध्ये फार न थांबता. जिथे गोष्ट वळण घेते तिथे एकदाच थांबून पुढचं पान उलटण्याआधी मुलांकडे बघायचं. दहा-बारा मिनिटांत संपतं. संपल्यावर ते पुस्तक सगळ्यात खालच्या दोरीवर टांगायचं. पुढचे चार दिवस त्याच पुस्तकासाठी रांग लागते. गोष्ट कळलेली असल्यामुळे गुणाकारातली एक बाजू आधीच भरलेली असते. आता मूल निवांत अक्षरांकडे बघू शकतं. तेच पुस्तक दहाव्यांदा मागणाऱ्या मुलाला ‘दुसरं घे ना’ म्हणू नये. त्याचा सराव चाललेला असतो.

वाचून झाल्यावर ‘या गोष्टीचं तात्पर्य काय?’ हा प्रश्न माझ्या मते वर्गातून हद्दपारच व्हावा. मूल त्याचं ठरलेलं उत्तर देतं आणि गोष्ट तिथेच विझते. इंग्लंडमधले लेखक-शिक्षक एडन चेंबर्स यांनी त्याऐवजी चार गोष्टींवर बोलायला सुचवलं : काय आवडलं, काय नाही आवडलं, काय कळलं नाही, आणि कशाशी काय जुळतंय. या प्रश्नांना चुकीचं उत्तर नसतं, म्हणून एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. दुसऱ्या मुलाने ‘ते माकड मला लबाड वाटलं’ म्हटलेलं ऐकून तिसरं मूल पुस्तक हातात घेतं. शिक्षकाच्या शिफारशीपेक्षा मित्राची शिफारस फार लवकर लागू पडते. सारांश लिहून आणायला सांगणं, वाचलेल्या पुस्तकांच्या संख्येवर बक्षिसं देणं हेही टाळावं. संख्येसाठी मुलं पानं उलटायला शिकतात.

घरची भाषा

गुणाकारातल्या दुसऱ्या बाजूचं, म्हणजे भाषेचं काय? पालघर, नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली इथल्या कितीतरी वर्गांत मुलांची घरची भाषा मराठी नसते. तयार पुस्तकं त्यांच्या भाषेत फार थोडी. इथे वर्गातच पुस्तक करावं लागतं. एखाद्या मुलाने खेकडे पकडायला गेल्याची हकिगत सांगितली, की शिक्षकाने ती त्याच्याच शब्दांत, देवनागरीत, पानाला एक वाक्य अशी लिहून घ्यायची. चित्रं मुलांनी काढायची. आठ पानं शिवली की पुस्तक तयार. हवं तर प्रत्येक पानावर खाली मराठी वाक्य. आपल्या शाळांत हस्तलिखितांची परंपरा आहेच. वार्षिक स्नेहसंमेलनापुरती न ठेवता ती दोरीवर आणायची. स्वतःच्या पाड्यावरचा ओढा पुस्तकात बघितलेलं मूल दुसऱ्या पुस्तकाकडे वेगळ्या धीटपणाने जातं.

देवघेव आणि फिरती पेटी

रोजची देवघेव मुलांकडे सोपवावी. दुसरीतली मुलंसुद्धा नाव, पुस्तकाचा क्रमांक आणि तारीख लिहू शकतात. आठवड्याला दोन ग्रंथमित्र नेमले आणि पाळीपाळीने सगळ्यांना ती जबाबदारी दिली, की पुस्तकं हरवणंही कमी होतं, कारण कुणाकडे काय आहे हे सगळ्या वर्गाला माहीत असतं. पुस्तक घरी गेलंच पाहिजे. घरी ते धाकटा भाऊ बघतो, चौथीतली ताई वाचून दाखवते, आजी ऐकते आणि ‘आमच्या वेळी ही गोष्ट अशी नव्हती’ म्हणून आपली सांगते. कधी पान चिकटून, कधी डाळीचा डाग घेऊन पुस्तक परत येतं. त्यावर रागावलं, की ते मूल पुढचं पुस्तक नेत नाही.

दोन-तीन महिन्यांत मुलांचं सगळं वाचून होतं आणि दोरी शिळी वाटू लागते. यावरचा उपाय बडोद्यात शंभर वर्षांपूर्वी सापडलेला आहे. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं उभारलं. त्यात फिरत्या पेट्या होत्या : पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी गावाला जायची, काही काळ राहायची आणि बदलली जायची. आज एका केंद्रातल्या, म्हणजे एकाच केंद्रप्रमुखाकडे असलेल्या, शाळांना हे सहज जमेल. दरमहा शिक्षण परिषदेला शिक्षक एकत्र येतातच. प्रत्येकाने येताना पंचवीस पुस्तकांची पत्र्याची पेटी आणायची आणि जाताना दुसऱ्याची न्यायची. दहा शाळा असतील तर एकही पुस्तक विकत न घेता अडीचशे पुस्तकं वर्षभर फिरतात. केंद्रप्रमुखांनी मनावर घेतलं, की काम होतं.

तुम्हाला काय करता येईल?

मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं असावीत, असं स्पष्ट म्हटलं आहे. पालक म्हणून पुढच्या सभेला जाल तेव्हा ‘ग्रंथालय आहे का?’ एवढंच विचारू नका, त्याला उत्तर ‘आहे’ असंच येतं. देवघेव वही मागा आणि शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते बघा. मुलाच्या वाढदिवसाला शाळेला पुस्तकं भेट द्यायची असतील तर घरातली जुनी पाठ्यपुस्तकं, दिवाळी अंक किंवा जाडजूड चरित्रं देऊ नका. वर्गशिक्षकांना आधी विचारा, कोणत्या इयत्तेला काय कमी आहे ते लिहून घ्या, आणि पातळ, चित्रांची, मोठ्या टाइपातली दहा पुस्तकं द्या. त्यावर कव्हर घालायचंच असेल तर पारदर्शक घाला.